आगोटीपूर्वीची साठवण : रत्नागिरीचे आगळ आणि टिकण्यामागचे शास्त्र

रातांबा, म्हणजे कोकमाच्या झाडाचे फळ, रत्नागिरी जिल्ह्यात पिकू लागतो तो एप्रिलच्या मध्यानंतर, आणि त्याचा भर ओसरण्याआधीच जूनच्या पहिल्या पंधरवड्यात मोसमी पाऊस येऊन ठेपतो; त्यामुळे वर्षभर लागणारे आगळ, आमसुले आणि सरबताचा पाक यांची सगळी तयारी थोड्या आठवड्यांच्या उन्हात उरकावी लागते. पुढच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, घरातल्या हवेलाही ओल सुटते, वाळवलेले सादळते आणि जरा दुर्लक्ष झाले की बुरशी धरते. आगोट, म्हणजे पावसाळा तोंडावर आल्याचे दिवस, हा शब्द कोकणात बेगमीशी जोडला गेला आहे तो याच कारणाने. तांदूळ, कुळीथ, सुके मासे, सरपण यांच्या बरोबरीने या बेगमीत काही द्रव पदार्थही असतात, आणि साठवणीची खरी कसोटी त्यांच्यापाशीच लागते, कारण धान्यातले पाणी उन्हात काढून टाकता येते, द्रवातले पाणी मात्र जागीच ठेवून ते निरुपद्रवी करावे लागते.

आगळ हे या द्रव साठ्यांतले सर्वांत लक्षणीय उदाहरण होय. कोकमाच्या सालीतून मिठाच्या साहाय्याने सुटलेला हा गडद लाल, आंबट-खारट रस चुलीवर चढत नाही, त्याला शीतकपाटाची गरज पडत नाही आणि नीट केलेला असेल तर पुढच्या हंगामापर्यंत तो चांगला राहतो. त्याच्या टिकण्याचे श्रेय सर्वसाधारणपणे एकट्या मिठाला दिले जाते. प्रत्यक्षात आम्लता, मीठ, बंद भांडे, अंधार आणि स्वच्छ कोरडे हात असे अनेक अडसर एकमेकांना पूरक होऊन ते टिकवतात, आणि यांपैकी कोणता अडसर कोणत्या शत्रूला रोखतो हे ठाऊक नसेल, तर एक सहज वाटणारा बदलही वर्षाची मेहनत वाया घालवू शकतो.

फळ आणि त्याचे भाग

कोकमाचे झाड, शास्त्रीय नाव गार्सिनिया इंडिका, हे सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरचे सदाहरित झाड असून त्यात नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात. बी लावून केलेल्या रोपांपैकी बरीचशी नर निघत असल्याने खात्रीच्या मादी झाडांची कलमे बांधण्याला मोठे महत्त्व आले, आणि दापोली येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या कोकण कृषी विद्यापीठाने कलमांचे तंत्र रुजवण्याबरोबरच ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातीस’ या जाती दिल्या. २०१६ मध्ये सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळाले. एखाद्या पदार्थाचे गुण त्याच्या भूप्रदेशाशी बांधलेले आहेत याची कायदेशीर नोंद म्हणजे भौगोलिक मानांकन.

पिकलेल्या रातांब्याची जाड लाल साल हा साधारण निम्मा भाग असतो, आत पांढरट गर आणि पाच-आठ बिया असतात. सालीतून आगळ, आमसूल आणि साखरेच्या पाकातले ‘अमृत कोकम’ होते, बियांना चिकटलेल्या गराचा रस आमसुलांना पुटे देण्यासाठी कामी येतो आणि बियांच्या मगजातून तेल निघते. एकाच फळातून निघणाऱ्या या चार पदार्थांच्या टिकण्याच्या वाटा वेगवेगळ्या आहेत: आगळ मिठाने टिकते, अमृत कोकम साखरेने, आमसूल उन्हाने आणि तेल स्वतःच्या घडणीने. म्हणूनच साठवणीचे शास्त्र समजून घेण्यासाठी रातांब्याइतके सोयीचे फळ दुसरे सापडणे कठीण.

बरणीतले पंधरा दिवस

आगळासाठी फळ पूर्ण पिकलेले, लालबुंद आणि अभंग असावे लागते. फळे धुऊन फडक्याने पुसून पूर्ण कोरडी केली जातात, कारण सालीवर राहिलेले पाणी मिठाची तीव्रता कमी करते आणि त्या पाण्यासोबत बुरशीचे बीजाणूही आत जातात. पहिल्या पावसात भिजलेली फळे जाणत्या घरांत आगळासाठी घेत नाहीत, ती याच हिशेबाने. अशी फळे पाणचट होतात, लवकर फुटतात आणि त्यांच्या भेगांतून सडण्यास सुरुवात झालेली असते.

फळ फोडून बिया वेगळ्या केल्यावर चिनी मातीच्या बरणीत सालींचा एक थर आणि मिठाचा एक थर असे रचत जातात आणि सर्वांत वरचा थर मिठाचा ठेवतात. मिठाचे प्रमाण सालींच्या वजनाच्या साधारण सोळा ते वीस टक्के असते, म्हणजे दहा किलो सालींना सोळाशे ग्रॅमपासून दोन किलोंपर्यंत मीठ लागते. दुसऱ्या दिवसापर्यंत साली लवतात आणि तळाशी गडद रस दिसू लागतो. ही क्रिया परासरणाने घडते: पेशीच्या पापुद्र्याच्या बाहेर मिठाचे दाट द्रावण असले की आतले पाणी बाहेर ओढले जाते, आणि त्या पाण्यासोबत आम्ल व रंगद्रव्य हेही बाहेर येतात. रोज एकदा कोरड्या लाकडी दांड्याने तळापासून ढवळण्याची रीत आहे, कारण खाली मीठ साचून वरच्या साली अळणी राहिल्या, तर बिघाडाची सुरुवात त्या वरच्या थरातच होते. तोंडाला स्वच्छ फडके बांधलेली बरणी अशी आठ ते पंधरा दिवस ठेवल्यावर रस गाळून कोरड्या बाटल्यांत भरला जातो, आणि पिळून उरलेल्या साली उन्हात वाळवून आमटीला वापरल्या जातात.

या पंधरा दिवसांत बरणी काही खुणा देते आणि त्या वाचता येणे हेच या कामातले कौशल्य होय. रसाच्या पृष्ठभागावर बारीक बुडबुडे सतत येत असतील आणि वासात ताडीसारखी झाक असेल, तर यीस्ट, म्हणजे साखरेचे मद्यार्क व वायूत रूपांतर करणारे सूक्ष्म जीव, कामाला लागले आहेत असे समजावे. वर पातळ पांढरा पापुद्रा धरला असेल तर हवेवर जगणाऱ्या यीस्टची ती वाढ असते, आणि लोकरीसारखे हिरवे-काळे ठिपके दिसले तर ती बुरशी असते. बुरशी वरवर काढून खालचा रस वापरण्याचा मोह टाळावा, कारण काही बुरश्यांची विषे डोळ्यांना न दिसता द्रवात उतरतात.

कोणता अडसर कोणासाठी

कोकमाच्या सालीच्या रसाचा सामू दोनच्या आसपास असतो. सामू म्हणजे आम्लतेचे माप. शुद्ध पाण्याचा सामू सात असतो, आणि आकडा जितका खाली तितकी आम्लता अधिक. अन्नातून होणाऱ्या सर्वांत घातक विषबाधेला कारणीभूत असणारा क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू ४.६ च्या खालच्या सामूत वाढू शकत नाही, आणि इतर बहुतेक रोगकारक जिवाणूंनाही कोकमाइतकी आम्लता मानवत नाही. कोकमातले प्रमुख आम्ल हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल आहे. याच कुळातल्या केरळातील कुडमपुळीत टार्टारिक आणि सायट्रिक ही आम्ले असतात असा पूर्वी समज होता, पण म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील वाय. एस. लुईस आणि एस. नीलकंठन यांनी १९६५ मध्ये त्यातले मुख्य आम्ल हायड्रॉक्सिसायट्रिक असल्याचे दाखवून दिले.

आम्लता एवढी प्रखर असताना मिठाची गरज काय, या प्रश्नाचे उत्तर शत्रू बदलला की मिळते. आम्लता जिवाणूंना अडवते, परंतु यीस्ट आणि बुरशी यांना ती फारशी बाधत नाही. किंबहुना जिवाणू बाजूला झाल्यावर त्यांना रान मोकळे मिळते. त्यांच्यासाठी मीठ लागते. अन्नात पाणी किती आहे यापेक्षा त्यातले किती पाणी सूक्ष्म जीवांना वापरता येते हे महत्त्वाचे असते आणि त्या मापाला जलक्रियाशीलता म्हणतात. शुद्ध पाण्याची जलक्रियाशीलता १ धरली, तर बहुतेक जिवाणूंची वाढ ०.९१ च्या खाली, सामान्य यीस्टची ०.८८ च्या खाली आणि सामान्य बुरशीची ०.८० च्या खाली थांबते. मिठाच्या संपृक्त द्रावणाची जलक्रियाशीलता सुमारे ०.७५ असते, आगळातले मीठ त्या टोकाला पोहोचत नाही, पण यीस्टला रोखणाऱ्या सीमेच्या जवळपास येते, आणि उरलेले काम तीव्र आम्लता त्याच्या जोडीने करते. बुरशी तरीही शिल्लक राहते, आणि तिला वाढीसाठी हवा लागत असल्याने बाटली गळ्यापर्यंत भरून घट्ट बंद करणे हा तिच्यावरचा अडसर ठरतो. अन्नशास्त्रात या एकत्रित योजनेला अडथळ्यांचे तंत्र म्हणतात: कोणताही एक अडथळा पुरेसा नसतो, पण सगळे ओलांडून जाणारा जीव क्वचितच सापडतो.

रंगाचे गणित वेगळे आहे, कारण रंग सूक्ष्म जीवांमुळे नव्हे, रासायनिक क्रियांमुळे जातो. कोकमाचा लाल रंग अँथोसायनिन या गटातल्या रंगद्रव्यांचा असतो, आणि ही द्रव्ये आम्लात लाल राहत असली तरी उष्णता, उजेड, हवेतला प्राणवायू आणि धातूंचे अंश या चौघांमुळे हळूहळू तपकिरी होत जातात. तापमान दहा अंशांनी वाढले की अशा क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. किनाऱ्यावरच्या रत्नागिरीत हिवाळाही उबदार असल्याने आगळाची बाटली चुलीमागच्या फळीवर ठेवायची की माजघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, यावर वर्षअखेरचा रंग ठरतो. तपकिरी झालेले आगळ बिघडलेलेच असते असे नाही, परंतु त्याची चव मंद होते आणि ते जुने झाल्याची ती खूण असते.

हे सगळे अडसर एकाच वेळी निघून गेले तर काय होते, हे सोलकढी दाखवते. आगळात नारळाचे दूध मिसळले की मीठ पातळ होते, आम्लता उतरते आणि सूक्ष्म जीवांना हवी असलेली प्रथिने व साखर हाताशी येतात. म्हणूनच वर्षभर टिकणाऱ्या आगळापासून केलेली सोलकढी उन्हाळ्यात दुपारची संध्याकाळपर्यंत ठेवणेही धोक्याचे असते, आणि जेवणातल्या वाटीपुरतीच ती करण्याची रीत पडली आहे.

पावसाळी हवेची चोरवाट

अमृत कोकमात मिठाचे काम साखर करते. सालींच्या दुप्पट वजनाची साखर घेऊन बरणीत थर लावतात, आठवडाभर उन्हात ठेवून साखर विरघळू देतात आणि गाळून दाट पाक बाटल्यांत भरतात. सरबताच्या पाकात विरघळलेले घनपदार्थ किमान ६५ टक्के असावेत अशी अन्न प्रक्रियेच्या नियमांची अट आहे, आणि त्यामागे चवीपेक्षा टिकाऊपणाचा विचार आहे, कारण एवढ्या दाट पाकाची जलक्रियाशीलता ०.८६ च्या आसपास उतरते.

अडचण येते ती पावसाळ्यात. जुलैमध्ये रत्नागिरीच्या हवेतील सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवा जास्तीत जास्त जेवढी वाफ धरू शकते तिच्या तुलनेत प्रत्यक्ष असलेली वाफ, नव्वद टक्क्यांच्या घरात जाते. जलक्रियाशीलता ०.८६ असलेला पाक ८६ टक्के आर्द्रतेच्या हवेशी समतोलात असतो; त्याहून दमट हवेत तो उघडा राहिला की हवेतले पाणी ओढून घेतो. हे पाणी आधी वरच्या थरात मुरते, त्या थरातली साखर पातळ होते आणि खालचा पाक उत्तम असतानाही वरून आंबण्यास सुरुवात होते. आमसुलांच्या बाबतीत हाच प्रकार अधिक ठळकपणे दिसतो. मीठ ७५ टक्क्यांहून अधिक आर्द्रतेत स्वतःच विरघळू लागते, म्हणून खारवलेली आमसुले पावसाळ्यात उघड्या डब्यात राहिली की त्यांना पाणी सुटते. दर वेळी रसात बुडवून पुन्हा वाळवणे, म्हणजे पुटे देणे, आमसुलात आम्ल आणि मीठ वाढवते. डबा घट्ट नसेल तर तेच मीठ ओल आत ओढणारे ठरते. ओला चमचा, वारंवार उघडले जाणारे मोठे भांडे आणि सैल झाकण या तिन्ही गोष्टी निषिद्ध मानण्यामागचे कारण हेच आहे, आणि साठा एका मोठ्या बरणीत ठेवण्याऐवजी महिन्याला एक उघडता येईल अशा लहान बाटल्यांत ठेवणे हा त्यावरचा सर्वांत सोपा उपाय आहे.

भांड्याची निवड

आगळाइतके आम्ल आणि मीठ एकत्र असलेला द्रव धातूला खातो. ॲल्युमिनिअम, कल्हई नसलेले पितळ आणि तांबे, लोखंड यांत ठेवलेल्या आगळाला धातूची चव लागते, रंग काळवंडतो आणि विरघळलेला धातू पोटात जातो. पत्र्याचे झाकण असलेल्या बाटल्यांत झाकणाचा आतला भाग गंजलेला दिसतो तो याचमुळे. चकाकी दिलेली चिनी मातीची बरणी आणि काच या दोन गोष्टी आम्लाला दाद देत नाहीत. त्यांपैकी बरणी उजेडही अडवते. काच पारदर्शक असल्याने तिला अंधारी जागा लागते किंवा ती तपकिरी असावी लागते. प्लॅस्टिक वापरायचे तर ते अन्नासाठीच बनवलेले आणि नवे हवे, आणि पूर्वी रसायन, रॉकेल अथवा कीटकनाशक भरलेले कॅन कितीही धुतले तरी वर्ज्य समजावेत. शिवाय पातळ प्लॅस्टिकमधून प्राणवायू सावकाश आत झिरपतो, म्हणून काचेत वर्षभर लाल राहणारे आगळ तशा बाटलीत लवकर तपकिरी होते.

रसायनांच्या वापरातही निवड करावी लागते. विक्रीसाठीच्या कोकम सरबतात सोडिअम बेंझोएट हे परिरक्षक घातले जाते, कारण ते आम्ल द्रवातच चांगले काम करते आणि रंगाला हात लावत नाही. पोटॅशिअम मेटाबायसल्फाइट आंब्याच्या रसाला चालते, परंतु त्यातून निघणारा सल्फर डायऑक्साइड अँथोसायनिनचा लाल रंग फिका करतो, म्हणून कोकमाला ते टाळतात. एका पदार्थाला उपकारक असलेली वस्तू दुसऱ्याला अपायकारक ठरू शकते, हे या दोन पांढऱ्या भुकट्या चांगले शिकवतात.

उष्णतेची वाट आणि चरबीची वाट

आंब्याच्या रसाची साठवण आगळाच्या उलट दिशेने जाते. हापूसच्या रसाचा सामू चारच्या आसपास, म्हणजे कोकमापेक्षा पुष्कळ सौम्य असतो, आणि त्यात एवढे मीठ वा साखर घातली तर तो आमरस राहत नाही; म्हणून तिथे सूक्ष्म जीवांना रोखून न धरता उष्णतेने मारावे लागते आणि नवे आत येऊ नयेत म्हणून तोंड हवाबंद करावे लागते. मे महिन्याच्या उत्तरार्धात बाजारभाव उतरले की आंबा ‘कॅनिंगला’ जातो, कारखान्यांत गर तापवून डब्यांत भरला जातो आणि डबे पुन्हा उकळत्या पाण्यातून काढले जातात. अनेक घरांत हेच काम काचेच्या बाटल्या, पत्र्याची बुचे आणि बूच दाबण्याचे हातयंत्र यांवर होते. आगळाची बाटली उघडून पुन्हा बंद करता येते, या बाटलीचे मात्र तसे नाही: तिचा एकमेव अडसर बूच असल्याने ती उघडली की तिचे संरक्षण संपले, आणि तो रस शीतकपाटात ठेवून दोन-तीन दिवसांत संपवणेच इष्ट. बूच फुगलेले असेल किंवा उघडताना फेस उसळला, तर चव न पाहता रस टाकून द्यावा.

कोकमाच्या बियांचे तेल तिसऱ्या वाटेने टिकते. वाळवलेल्या बिया फोडून मगज कुटतात, पाण्यात उकळून वर आलेली चरबी काढतात आणि ती मुठीत दाबून लांबट गोळे करतात. म्हणून तिला मुठेल म्हणतात, तर गोव्यात ती भिरंडेल नावाने ओळखली जाते. या चरबीत स्टिअरिक आणि ओलेइक या आम्लांचा वाटा फार मोठा असून लवकर खवट होणारी बहुअसंपृक्त आम्ले अत्यल्प असतात. पाणी जवळपास नसल्याने सूक्ष्म जीवांना थारा नाही, आणि खवटपणा आणणारी प्राणवायूची क्रियाही मंद चालते. म्हणूनच टाचांच्या भेगांना लावण्यासाठी हा गोळा घरात दीर्घकाळ राहू शकतो. युरोपीय संघाने २००० च्या चॉकलेटविषयक निर्देशात कोको चरबीसोबत मर्यादित प्रमाणात वापरता येणाऱ्या सहा वनस्पतिजन्य चरबींमध्ये कोकमाच्या चरबीचा समावेश केला, त्यामागेही तिचा हा घट्ट, स्थिर स्वभाव आहे.

मापाचे मोल

हे सारे ज्ञान कोकणातल्या घरांत मुख्यतः स्त्रियांनी हातांनी राखले आणि सासूकडून सुनेकडे, आईकडून मुलीकडे डोळ्यांदेखत सोपवले. त्या रीतींत जलक्रियाशीलता हा शब्द नव्हता, पण ओला चमचा बरणीत गेला तर ऐकून घ्यावे लागणारे बोल त्याच अर्थाचे होते. आजच्या परिस्थितीत तीन बदल एकाच वेळी झाले आहेत. रक्तदाबाच्या काळजीने मीठ कमी केले जाते, जाड्या मिठाऐवजी बारीक मीठ येते आणि बरणीच्या जागी प्लॅस्टिकची बाटली येते. यांतला प्रत्येक बदल समजण्यासारखा आहे, पण प्रत्येकाने एक अडसर हलतो. जाडे मीठ वाटीत पोकळ बसते आणि बारीक मीठ दाटून बसते, म्हणून त्याच वाटीने मोजलेले मीठ वजनाने वेगळे भरते. मीठ निम्म्यावर आणायचे असेल तर ते अवश्य आणावे, परंतु मग ते आगळ शीतकपाटात ठेवावे आणि थोडे-थोडे करावे. कमी मिठाचे आगळ माळ्यावर वर्षभर ठेवण्याची अपेक्षा धरणे म्हणजे दार उघडे टाकून कडीवर विश्वास ठेवण्यासारखे आहे.

म्हणून या परंपरेला आता सर्वांत जास्त गरज आहे ती तराजूची आणि नोंदवहीची. सालींचे व मिठाचे वजन, भरण्याची तारीख, फळ कोणत्या झाडाचे आणि पावसाआधीचे की नंतरचे, एवढ्या चार गोष्टी बाटलीवर चिकटवलेल्या कागदावर लिहिल्या, तर बिघडलेल्या बाटलीचे कारण शोधता येते आणि उत्तम उतरलेल्या बाटलीची पुनरावृत्ती करता येते. २००६ च्या अन्न सुरक्षा आणि मानके कायद्याच्या चौकटीत विक्रेत्यांवर उत्पादनाची तारीख आणि गटक्रमांक छापण्याचे बंधन आहे. बचत गटांतून आगळ विकणाऱ्या स्त्रियांना ते पाळावेच लागते, आणि घरच्या बरणीलाही तीच शिस्त लाभदायक आहे. हाताच्या अंदाजाला वजनाची जोड मिळाली म्हणून तो अंदाज खोटा ठरत नाही. उलट ज्या आजीच्या हाताचे आगळ वर्षभर लाल राहत असे, तिच्या मुठीत नेमके किती मीठ बसत होते हे एकदा तराजूवर घालून लिहून ठेवले, तर रत्नागिरीतून मुंबई-पुण्याला गेलेल्या नातीलाही तसेच आगळ घालता येईल.